हौदातला मरळ

परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव धरणाच्या काठाला, बाभळीच्या सावलीत, पत्र्याचे छप्पर घातलेली एक खानावळ आहे. तिला पाटी नाही. पाटीची गरजही नाही. कारण रस्त्याने जाणारा ट्रकवाला रश्शाच्या वासानेच थांबतो. दारातच सिमेंटचा एक बुटका हौद आहे, त्यात धरणातून आणलेले जिवंत मासे सोडलेले असतात. गिऱ्हाइकाने हौदात डोकावायचे, बोट दाखवायचे आणि पाण्याकडे तोंड करून बाकड्यावर जाऊन बसायचे. अर्ध्या घटकेत तो मासा रश्शाच्या वाडग्यातून त्याच्यासमोर येतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस परंड्याचा किल्ला पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालून परत येताना मी तेथे थांबलो. मालक चाळिशीतला, जातीने भोई. खांद्यावर टॉवेल, हातात लहानशी जाळी. माझी पांढरी टोपी आणि बगलेतली वही पाहून माझा पेशा त्याने क्षणात ओळखला असावा.

"कोणता काढू, गुरुजी?" त्याने विचारले.

प्रश्न साधा होता. पण चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला साधा प्रश्न साधेपणाने घेता येत नाही. मी हौदात पाहिले. रोहू होते, कटले होते, काळपट चिलापी होत्या. आणि तळाशी, कोपऱ्याला अंग लावून, हातभर लांबीचा एक मरळ स्थिर पडला होता. मी पाहत असतानाच तो सावकाश वर आला, तोंड पाण्याबाहेर काढून त्याने हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली गेला. 'टुब्' असा बारीक आवाज झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पण त्याविषयी मागाहून सांगतो.

जिवंत मासा पारखून घेऊन पाण्याच्या काठी जेवण्याची ही रीत आपल्याकडे मुंबई-गोव्याकडून आली, अशी आपली एक समजूत असते. जास्त हिंडलेला मनुष्य हाँगकाँगचे नाव घेईल. तेथे ॲबर्डीनच्या बंदरात राजवाड्यासारखी सजवलेली तरंगती उपाहारगृहे होती. गिऱ्हाइकाने टाकीतला मासा निवडावा आणि दिव्यांच्या झगमगाटात बसून खावा, हा तेथला थाट. त्यातले 'जंबो' नावाचे प्रचंड उपाहारगृह १९७६ साली सुरू झाले, २०२० साली बंद पडले आणि २०२२ च्या जूनमध्ये दुसरीकडे ओढून नेत असताना दक्षिण चिनी समुद्रात उलटले. माणसांना मासे खाऊ घालण्यात ज्याचे आयुष्य गेले, ते अखेर माशांच्या घरी गेले.

याहूनही मागे जायचे तर रोमला जावे लागेल. तेथील श्रीमंत लोक आपल्या बंगल्यांपाशी माशांची तळी बांधीत. तत्त्वज्ञ सेनेका याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या हौसेवर कडक कोरडे ओढले आहेत. रोमन मेजवान्यांत काचेच्या भांड्यात जिवंत मासा आणीत आणि तो मरताना त्याच्या अंगावरचे रंग कसे पालटतात हे पाहुणे कौतुकाने पाहत बसत. सेनेकाला खटकले ते मासा खाणे नव्हे. मरणाचा तमाशा करणे त्याला खटकले. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

परंतु रोम आणि हाँगकाँग दोन्ही दूर. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात असलेले कल्याण, म्हणजे बसवकल्याण, आपल्या अगदी उंबरठ्यावर आहे. तेथे चालुक्यांची राजधानी होती आणि आजचा धाराशिव जिल्हा तिच्या अंगणात होता. त्या गादीवर ११२६ ते ११३८ या काळात बसलेला तिसरा सोमेश्वर हा राजा लढाईपेक्षा लेखणीत अधिक रमला. त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ म्हणजे राजाने कसे राज्य करावे, कसे जेवावे, कसे रमावे याचा कोशच आहे. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. मासे किती प्रकारचे, कोणते समुद्राचे, कोणते नदीचे, गळाची दोरी कशी असावी, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, हे सारे राजाने तपशिलाने सांगितले आहे. पस्तिसांच्या आसपास जाती त्यात येतात. १९५१ साली सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञाने या प्रकरणाची मुद्दाम दखल घेतली, ती त्यातील निरीक्षणाच्या नेमकेपणामुळे. याच ग्रंथातील अन्नभोगाच्या भागात माशाचे तुकडे धुऊन चिंचेच्या कोळात शिजवण्याची कृती आहे. परंड्याच्या बाकड्यावर मला मिळालेल्या रश्शातही चिंच होती! नऊशे वर्षांत राज्ये गेली, भाषा बदलल्या, पण चिंच जागची हलली नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये अशी आहे. याच मानसोल्लासात जुन्या मराठीतील काही ओळी आल्या आहेत. मराठीच्या अगदी आरंभीच्या लिखित नमुन्यांत त्यांची गणना होते. त्या ओळी विष्णूच्या अवतारांविषयी आहेत आणि त्यांत मत्स्यावताराचे स्तवन आहे. म्हणजे आपली भाषा ग्रंथात पाऊल टाकते तेव्हाच तिच्या तोंडी माशाचे नाव आहे. आणि तेही कोकणच्या किनाऱ्यावर नव्हे, समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत, काळ्या मातीच्या पठारावर.

पाण्याकाठी बसण्याची हौस मात्र पुष्कळ काळ राजांचीच राहिली. तुळजापूर तालुक्यातील नळदुर्गला जाऊन पाहावे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, बोरी नदीवर तेथे दगडी बंधारा बांधला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल काढला गेला. पावसाळ्यात पाणी वरून कोसळत असते आणि आत सज्जात बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. मी तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा पाण्याच्या त्या पडद्याआडून बाहेर पाहताना मला वाटले होते, की सुलतान होणे म्हणजे नेमके हेच असावे. आज तेच सुख परंड्याचा ट्रकवाला शे-दीडशे रुपयांत विकत घेतो. लोकशाहीला नावे ठेवणाऱ्यांनी हेही जमेस धरावे.

"रोहू घ्या, ताजा हाय," मालक म्हणाला. "न्हाईतर कटला काढतो."

आणि येथे माझ्या मनात इतिहासाने पुन्हा डोके वर काढले. गिऱ्हाईक मासा निवडते हे खरे. पण हौदात कोणते मासे असावेत हे कोणी निवडले?

रोहू आणि कटला हे मूळचे उत्तरेकडचे, गंगेच्या खोऱ्यातले. ही माशांची जात साठलेल्या पाण्यात वाढते, पण अंडी घालायला तिला पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे तळ्यात सोडण्याचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशांच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून हुकमी अंडी घालवून घेतली. आज तो दिवस देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात, तो यासाठीच. त्या टोचणीतून गावोगावची मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली आणि बोटाएवढी पिले, म्हणजे बोटुकली, धरणाधरणांत पोचली. चिलापी तर आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली. खायला काही चालते आणि वाढायला वेळ लागत नाही, म्हणून गरिबांचा मासा म्हणून तिचे स्वागत झाले. पुढे तिने कित्येक तलावांत एतद्देशीय माशांची जागा बळकावली. गंगेचे, आफ्रिकेचे असे सारे पाहुणे त्या हौदात एकत्र नांदत होते. मूळचा रहिवासी एकच, तो कोपऱ्यातला मरळ.

हा मरळ मोठा चिवट प्राणी. त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय असते. म्हणून तो ओल्या फडक्यात गुंडाळून बाजाराला नेता येतो आणि घागरीत दिवस काढतो. बर्फ नव्हता त्या काळी दख्खनच्या बाजारात जिवंत मासा मिळे तो प्रामुख्याने याच्यासारख्यांमुळे. निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, त्याचा मान मोठा. मृग लागला की तेथे बत्तिनी कुटुंबाकडे दम्याचे रोगी रांगा लावतात आणि औषध भरवलेले मरळाचे जिवंत पिल्लू गिळतात. ही प्रथा १८४५ पासूनची म्हणून सांगतात. वैद्यकाने तिच्यावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही, पण रांग काही आटलेली नाही. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच संस्थानात होता, तेव्हा मरळाची ही थोरवी आमच्या वाडवडिलांच्याही कानी आलेली होती.

तळे आटले तर मरळ ओल्या गाळात शिरतो आणि पाण्याची वाट पाहत तग धरतो. ज्या मुलुखाने पाण्याची वाट पाहण्यातच आयुष्य काढले, त्याला याहून शोभणारा मासा कोणता?

आता त्या 'टुब्' आवाजाविषयी.

१९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. आमच्या गावच्या तळ्याला भेगा पडल्या होत्या. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यामुळे आई खडी फोडायला गेली नाही, एवढेच आमचे भाग्य. बाकी सारे गाव दुष्काळी कामावर होते. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळे. त्याच्या भाकरीला चव नव्हती, पण भूक चव विचारीत नव्हती. एके दिवशी तळ्याचा गाळ उपसताना माणसांना मरळ सापडले. वडिलांच्या वाट्याला एक आला. त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या रिकाम्या रांजणात चार तांबे पाणी घालून सोडला आणि आईला म्हणाले, "राहू दे. अगदीच काही नसेल त्या दिवशी बघू."

तो आमच्याकडे अकरा दिवस होता. मी माझ्या भाकरीतला मिलोचा चुरा त्याला घाली. रात्री अंधारात पडल्या पडल्या तो श्वास घ्यायला वर आल्याचा आवाज येई, 'टुब्', आणि मला बरे वाटे. घरात आणखी कोणीतरी जागे आहे असे वाटे. बाराव्या दिवशी शाळेतून आलो तर रांजण कोरडा होता. ताटात रस्सा होता. धाकटी बहीण तापातून नुकतीच उठली होती. ती वाटी तोंडाला लावून पीत होती. मी ताट सारले नाही. मीही जेवलो. पण त्यानंतर मरळ खाल्ला नाही.

मालकाला मी एवढेच म्हणालो, "बहात्तर साली आमच्या घरी मरळ होता."

तो हौदाच्या कठड्यावर टेकला. "आमचा बाप सांगायचा बहात्तरचं. आमी बघितलं ते तेराचं," तो म्हणाला. २०१२-१३ च्या दुष्काळात पाणी गेले तेव्हा त्याने जाळी आढ्याला टांगली आणि बायकोपोरांसह पुण्याला बांधकामावर गेला. परत आला, पुन्हा बोटुकली सोडली, आणि २०१६ उजाडले. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. "धरण भरलं की सगळे मासे निवडत्यात, गुरुजी. आटलं की कोण इचारतंय भोयाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सोमेश्वराच्या पस्तीस जातींत मासे धरणारा हा माणूस मला दिसला नव्हता, आणि मीही वर्गात शिकवताना त्याला कधी दाखवला नव्हता.

"मग, कोणता काढू?" त्याने तिसऱ्यांदा विचारले.

मला सेनेकाचे स्मरण झाले आणि त्या रिकाम्या वाटीचेही. माशाकडे पाहून जेवणे क्रूर, की न पाहता जेवणे? रोमन पाहुणे पाहत होते, पण ती करमणूक होती. माझ्या आईने त्या दिवशी रांजणात हात घातला तेव्हा तिनेही पाहिलेच असणार. मला मात्र तिने ते पाहू दिले नव्हते.

मी कोपऱ्याकडे बोट दाखवले. "मरळ."

त्याने जाळी घातली. मी बाकड्यावर जाऊन बसलो नाही. हौदापाशीच उभा राहिलो. मग त्याने चूल फुंकली, चिंच भिजत घातली, आणि समोर सीनेच्या पाण्यावर ऊन उतरू लागले. रस्सा आला तेव्हा मी आधी वाटी तोंडाला लावली.