उत्तम शेती, पण कुणासाठी?

आज आपण इस्लापूरला उतरतोय. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं, किनवट तालुक्यातलं हे गाव. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूरचं नाव आहे बरं का! आदिलाबाद जिल्ह्यातलं हे सर्कल तेव्हा मुंबई राज्यात आलं. इथून एक मोठा प्रश्न नीट दिसतो, म्हणून ही वारी.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलीय. उजव्या, परंपरावादी विचाराचं हे एक जुनं मूळ आहे, आणि तेही जगभर. अमेरिकेत थॉमस जेफरसनला वाटायचं, स्वतःच्या जमिनीवर राबणारा कुणाचा मिंधा नसतो. प्रजासत्ताक त्याच्याच जोरावर टिकतं. आता गंमत बघा, जेफरसनच्या स्वतःच्या शेतावर गुलाम राबत होते. आदर्श सुंदर, पण तो सगळ्यांसाठी नव्हता.

आपल्याकडे हा विचार १९५९ मध्ये राजकारणात उतरला. काँग्रेसनं नागपूर अधिवेशनात सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला. त्याला विरोध करत राजाजी, मिनू मसानी वगैरे मंडळींनी स्वतंत्र पक्ष काढला. पहिले अध्यक्ष कोण? शेतकरी नेते एन. जी. रंगा. म्हणणं सरळ होतं: जमीन गेली की शेतकऱ्याचं स्वातंत्र्य गेलं.

पुढे शरद जोशींनी हा धागा उचलला, पण उलटा विणला. त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. शेती म्हणजे पूजा नाही, धंदा आहे, आणि धंदा परवडत नसेल तर बाहेर पडायची मोकळीकही हवी, असं ते सांगायचे. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला, त्याचं नाव स्वतंत्र भारत पक्ष.

म्हणजे एकाच मुळाला दोन फांद्या फुटल्या. एक म्हणते, जमीन जपा. दुसरी म्हणते, जमिनीचा मालक मोकळा करा.

आता परत इस्लापूरला या. मराठवाड्यात हैदराबादचा १९५०चा कूळकायदा चालतो. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हेतू चांगला, पण गिऱ्हाईक कमी झालं की अडल्या शेतकऱ्याला भावही कमीच मिळतो. इथे जोशींचं म्हणणं पटतं.

पण थांबा. किनवट तालुक्यात गोंड, कोलाम, आंध समाज मोठा आहे. कर्जापायी, फसवणुकीनं आदिवासींच्या जमिनी हातच्या जात होत्या, म्हणून १९७४ मध्ये त्या परत मिळवून देणारा कायदा करावा लागला. सगळं बाजारावर सोडलं, तर मोकळीक नक्की कुणाला मिळेल?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून बळीराजाचा जयजयकार केला, की एवढंच विचारा: जमीन धरायची की सोडायची, हे ठरवायची ताकद तुम्ही त्याच्या हातात देताय का? नुसत्या हक्कानं भागत नाही, घासाघीस करायची ऐपतही लागते. तुमच्या गावात काय दिसतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.