गिअर पडेना, तेव्हा

परवा केडगावात पुणे रोडवर गाडी अडली. फर्स्ट पडेना, मागे हॉर्न, शेजारी आजी, तिला दवाखान्यात न्यायचं. बाबा मागून म्हणाले, "इंजिन बंद करून टाक बघू." गिअर अलगद पडला! म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. क्लच ऑइलची डबी जवळजवळ रिकामी. आजीला रिक्षाने पाठवलं.

बाबांनी जुने ट्रक चालवलेत. डबल क्लच, खालच्या गिअरला मधे रेस, चुकलं की खर्रर्र! कारमध्ये हा झगडा सुटायला लागला १९२८ साली. अर्ल थॉम्पसन यांचं सिंक्रोमेश कॅडिलॅकने आणलं. गिअर अडकण्याआधी शंकूसारखे भाग एकमेकांवर घासून वेग जुळवतात. आजच्या गाडीत हे काम बहुधा पितळी रिंग करते. पण क्लच अर्धवट धरून राहिला, तर इंजिन गिअर फिरवतच राहतं. रिंग बिचारी काय करणार? आणि मी गिअरबॉक्सला शिव्या देत होतो.