दऱ्या आणि दर्या

मंडळी, आमचं अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याचं गाव. ऊस ज्याचा त्याचा, गाळप मात्र एकत्र. संगणकावरच्या मराठीचा इतिहास पाहिला की मला हेच आठवतं. फरक इतकाच, की इथे टनामागे भाव कुणीच मागितला नाही.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. पण घरच्या संगणकावर ती दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. त्याच सुमारास अमेरिकेत अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' केलं. रोमन अक्षरांत लिहायचं, देवनागरी छापून घ्यायची. हिंदी गाण्यांचे आणि संस्कृत स्तोत्रांचे मोठे संग्रह त्यावर उभे राहिले. २००४ साली रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले. ओंकार जोशी यांच्या 'गमभन'मुळे तर ब्राउझरमध्येच मराठी लिहिता येऊ लागलं. विंडोज एक्सपीत सीडी घालून भारतीय लिप्या चालू करण्याची खटपट जुन्या ब्लॉगवाल्यांना आठवत असेलच!

आता मुद्द्याचं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं. हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीपुरता विचार करणाऱ्याला तो सुचतही नाही. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला सारखेच, पण शोधायला गेलं की एकाला दुसरा सापडेलच असं नाही. 'ॲ'चीही तीच गत. त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये.

अशी खोट ज्याला टोचते त्यालाच दिसते. स्रोत खुला असेल तर तोच ती दुरुस्तही करतो.

आमच्या काकांनी कारखान्याच्या दिवसांच्या आठवणी एका दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टंकून घेतल्या होत्या. काका गेले, दुकान बंद झालं, फॉन्ट हरवला. फाईल उघडली तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. मी छापील प्रत शेजारी ठेवून अक्षराला अक्षर जुळवत एक तक्ता केला, त्यावर चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि मागेल त्याला दिला. कुणा अनोळखी माणसाने त्यात आडवा र घालून तो परत पाठवला. तेव्हा कुठे काकांच्या पानावर 'शेतकऱ्यांना' हा शब्द नीट उमटला. ज्या आठवणींत हा शब्द जागोजाग येतो, तिथे तो मोडका राहिला असता तर काय वाचलं असतं आम्ही?

असो. नातेवाईकांना एक विनंती. माळ्यावर, कपाटात जुन्या फ्लॉपी, सीडी असतील तर रद्दीत देऊ नका. अक्षरं वाचता येत नसली तरी आधी कळवा. तक्ता आहे, आणि अजून सुधारतो आहे.