न्हाणीघरातला दिवा आणि फ्यूजचे इमान

१८८२ साली लंडनच्या तार व विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने घरातल्या वायरिंगचे आपले पहिले नियम छापले. विजेच्या दिव्यांमुळे आगीचा धोका होऊ नये म्हणून केलेले नियम, असे त्यांच्या शीर्षकातच म्हटले होते. माणसाला बसणाऱ्या शॉकचा शीर्षकात पत्ता नव्हता. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर गेली. १९०५ मध्ये बीईएसटी कंपनीची स्थापना झाली आणि शहरात विजेचा खरा जम बसू लागला. वायरिंगची रीत मात्र विलायतेतूनच आली, आणि रीतीसोबत तिथली भीतीही आली. न्हाणीघरात दिवा बसवताना आज जे अपघात होतात त्यांचे खापर आपण नवशिक्याच्या धांदरटपणावर फोडतो. माझ्या मते दोष त्याहून जुना आहे. घरातली वीज दीर्घकाळ घर जळू नये म्हणून बांधली गेली. घरात राहणाऱ्याचे शरीर त्या हिशेबात फार उशिरा आले.

याचा पुरावा जुन्या भिंतींवरच मिळतो. सागवानी केसिंग-कॅपिंगची वरची पट्टी स्क्रू काढून उचलली, की खाली लाकडात कोरलेल्या खाचा दिसतात. दिव्याच्या लाइनीला त्या बहुधा दोनच असतात: एकीत फेज, दुसरीत न्यूट्रल, दोन्हींवर रबर आणि सुती वेष्टण. दोन तारा एकमेकींना चिकटून ठिणगी पडू नये, याची काळजी सुताराने चोख घेतलेली असते. अर्थिंगच्या तिसऱ्या तारेला जागाच नाही. पुढे लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून केलेले वायरिंग आले, तेव्हाही दिव्यांपुरते हेच चालू राहिले. वर पहारेकरी म्हणून चिनी मातीचा फ्यूज. या फ्यूजचे इमान तारेशी आहे, माणसाशी नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून सुमारे ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडवायला तेवढा पुरेसा आहे. दिव्याच्या लाइनीचा फ्यूज असतो ५ अँपिअरचा. त्याच्या लेखी एक लहानसा दिवा लागला, इतकेच घडले. फ्यूजच्या जागी आलेल्या आजच्या एमसीबीचेही या बाबतीत वेगळे नाही. ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झाले तरच तो पडतो.

मग न्हाणीघरात माणसे वाचली कशी? अंतराने. चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीला स्वतंत्र दिवा नसेच. खोलीतल्या दिव्याचा उजेड पडेल तेवढ्यावर भागे. वाड्यातले न्हाणीघर मागच्या अंगाला, पाणी तापे ते लाकडांच्या बंबात. वीज तिथवर पोचली तरी दिवा उंच, छताशी, आणि बटण दाराबाहेर. बटण बाहेर ठेवण्यामागे सुरक्षेचाच विचार होता असे मानायला मी तयार नाही. दमट हवेत पितळी भाग हिरवे पडतात आणि बटण खराब होते, हेही तितकेच मोठे कारण असावे. हेतू काहीही असो, ओला हात आणि जिवंत तार यांच्यामध्ये एक दार राहिले.

या अंतराने एक खोटा विश्वासही दिला. ‘बटण बंद केले ना, मग झाले’ हे वाक्य त्यातूनच आले. भारतीय वीज नियम, १९५६ मधल्या ३२व्या नियमाने एकट्या न्यूट्रलमध्ये बटण किंवा फ्यूज घालायला मनाई केली होती. तशी मनाई करावी लागते, कारण दोन्ही तारा एकाच रंगाच्या दिसल्या की हातून तेच होते. बटण न्यूट्रलमध्ये असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमधल्या टोकापर्यंत फेज तशीच राहते. स्टुलावर चढून, ओल्या भिंतीला एक हात टेकून, पितळी होल्डर उघडणाऱ्याला हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून घराचा मेन बंद करायचा आणि टेस्टर होल्डरच्या दोन्ही टोकांना लावून बघायचा. तो टेस्टरही आधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का ते पाहून घ्यायचा.

फ्लॅट आले तसे हे अंतर मोडले. बाथरूम बेडरूमला चिकटली, गीझर भिंतीवर आला, आरशावर हाताला येईल असा दिवा लागला, आणि तारा प्लास्टरखाली गेल्यामुळे ड्रिल मारणाऱ्याला त्या कुठून जातात हे दिसेनासे झाले. जगात दुसरा पहारेकरीही याच सुमारास घडत होता. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातातली तार सोडता येईनाशी होते तो प्रवाह मोजला: पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. १९६१ मध्ये त्यांनी गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण तयार केले. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर याच वाटेवर होते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परतला पाहिजे, आणि न परतला तर तो कुठून तरी, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत जातो आहे, एवढेच हे उपकरण बघते. अमेरिकी संहितेने १९७५ मध्ये घरातल्या बाथरूमच्या सॉकेटांना ते सक्तीचे केले. आपल्याकडे १९५६च्या नियमांत पुढे असे उपकरण सक्तीचे करणारा ६१-अ हा नियम घातला गेला, पण त्याने कमी दाबाच्या ५ किलोवॅटच्या आतल्या जोडण्या वगळल्या. मध्यमवर्गीय घर बहुतेक त्या वगळलेल्यांतच बसत होते. इथेही हिशेब किलोवॅटचा होता. आंघोळ करणारा किती ओला आहे याचा नव्हता.

नवशिक्याने कुठवर जावे, याची रेघ त्याच नियमांतल्या ४५व्या नियमाने ओढली होती. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला हरकत नव्हती. नवा पॉइंट काढणे किंवा लाइन वाढवणे मात्र परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखाली. यात ठेकेदारांची सोय बघितली, असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. परवाना एकाच्या नावावर आणि काम करणारा पोऱ्या भलताच, हे चित्र कुणाला नवे नाही. पण घरातली दुरुस्ती स्वतः करायची हौस असलेल्या ब्रिटननेही १ जानेवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती वायरिंग बांधकाम नियमांच्या कक्षेत आणले आणि बाथरूमला त्यात वेगळे काढले. तिथे ठेकेदारांची मिरास जपायची होती असे म्हणता येणार नाही. बाथरूममधली नवी लाइन चुकली, तरी दिवा लागतोच. अर्थिंग तुटलेले आहे हे उजेड बघून कळत नाही, मापूनच कळते, आणि मापायचे साधन नवशिक्याकडे नसते.

‘आमच्याकडे पन्नास वर्षे असेच चालले, काही झाले नाही’ याचे उत्तर वर आलेच: जे वाचले ते वायरिंगने नव्हे, अंतराने. आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा हा दुसरा पहारेकरी, पावसाळ्यात सारखा पडतो, म्हणून वायरमनला सांगून तो बाजूला काढला जातो, ही तक्रार जास्त गंभीर आहे. भिंतीला ओल येते, जुने वेष्टण गळते, ३० मिलिअँपिअरची मर्यादा गाठली जाते आणि घर अंधारात जाते. त्रास खरा आहे. पण ती गळती आरसीसीबीने निर्माण केलेली नसते, तो ती फक्त दाखवतो. लाइनी वेगळ्या करून कोणती गळते ते शोधणे हे वायरमनचे एका दिवसाचे काम आहे. मर्यादा आरसीसीबीलाही आहेतच. दोनच खाचांच्या जुन्या वायरिंगवर तो बसवला, तर गळती वाहून न्यायला अर्थिंगची तार नसते, आणि कुणाचा तरी हात लागेपर्यंत तो पडेलच असे नाही. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलेला माणूस त्याला दिव्यापेक्षा वेगळा ओळखता येत नाही.