कानाला आवाजाची ‘सवय’ होते का?

“कामावरच्या आवाजाची आता सवय झाली आहे,” असे अनेक रुग्ण सांगतात. बहुतेक वेळा ती सवय नसते, ऐकणे कमी झालेले असते.

१८८६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी १०० बॉयलर कामगारांचे कान घड्याळाच्या टिकटिकीने तपासले. लोखंडी बॉयलरवर दिवसभर हातोड्याचे घाव, असे ते काम. एकाचेही ऐकणे पूर्ण ठीक नव्हते. सभेतले भाषण शंभरातल्या ७५ जणांना नीट ऐकू येत नसे. टपाल वाटणाऱ्या १०० जणांत असे फक्त ८ होते.

मोठ्या आवाजाने आतल्या कानातील नाजूक केसपेशी मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. तोल सांभाळणारा भागही तिथेच, लागून असतो. म्हणून काहींचा तोलही बिघडू शकतो.

आज बांधकामावर हातोड्याच्या जागी ब्रेकर आणि ड्रिल मशीन आहे. परांचीवर तोल गेला तर काय होईल, हे सांगायला नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर इअरप्लग घालाच. कानात शीळ वाजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर तपासणी करून घ्या. गेलेले ऐकणे परत येत नाही. उरलेले मात्र वाचवता येते.