अब्बांचा रोजमेळ आणि व्हेनिसची वही

माझी भाची यंदा अकरावीला, वाणिज्य शाखेत आहे. परवा रात्री ती रडकुंडीला आली. "मामू, तेरीज जुळतच नाही. ५४ रुपयांचा फरक येतोय."

मला माझे दिवस आठवले. याच विषयाच्या धास्तीने मी वाणिज्य सोडून कला शाखेत गेलो, बी.ए. झालो आणि पुढे कवितेच्या नादी लागलो. माझे घोडे अडले होते एका साध्या प्रश्नावर. अब्बांचे छोटे किराणा दुकान होते. त्यांच्या रोजमेळात गिऱ्हाइकाने दिलेला पैसा 'जमा' बाजूला लिहिला जाई. वर्गात मात्र शिकवले जाई, रोकड आली की रोकड खाते 'नावे'. मग खरे कुणाचे? विचारायची हिंमत झाली नाही. नियम घोकले आणि नापास झालो.

उत्तर मिळाले फार उशिरा, एका इटालियन धर्मगुरूकडून. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू आणि गणिताचा शिक्षक. तरुणपणी तो व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवीत असे. १४९४ साली त्याचा गणितावरचा मोठा ग्रंथ व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यातल्या एका भागात व्हेनिसचे व्यापारी हिशेब कसे लिहितात ते त्याने मांडले. ही द्विनोंदी पद्धत त्याने शोधली नव्हती, ती आधीपासून रूढ होती. त्याने ती शिकण्याजोगी केली.

त्याच्या वह्या तीन. पहिली कच्ची, तिच्यात व्यवहार घडला तसा सविस्तर टिपायचा, घरातल्या माणसांनी टिपला तरी चालेल. दुसरी रोजकीर्द आणि तिसरी खातेवही. रोजकिर्दीतल्या प्रत्येक नोंदीत दोन नावे हवीतच, एक घेणाऱ्याचे, एक देणाऱ्याचे. इथे माझे कोडे सुटले. अब्बांच्या रोजमेळातली 'जमा' गिऱ्हाइकाच्या खात्याची होती. रोकड खात्याच्या बाजूने पाहिले तर तीच रक्कम 'नावे'. अब्बाही खरे आणि शिक्षकही खरे. मी फक्त 'खाते कुणाचे?' हे विचारायला विसरलो होतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे, नियम पाठ करण्याआधी व्यवहार आपल्या भाषेत एका ओळीत लिहा. मग त्यातली दोन खाती शोधा आणि शेवटी बाजू ठरवा. रोज थोडी उदाहरणे सोडवा. हा विषय नुसता वाचून येत नाही, हाताने येतो.

पाचोली आणखी दोन गोष्टी सांगतो. चुकलेली नोंद खोडू नये, उलट नोंद करून ती मोडावी. आणि वह्या पडताळताना जोडीदार घ्यावा: एकाने रोजकीर्द वाचायची, दुसऱ्याने खातेवही पाहायची, रक्कम जुळली की खूण करायची.

त्या रात्री आम्ही तेच केले. ५४ला ९ने भाग जातो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. मी वाचत गेलो, ती खुणा करत गेली. अकराव्या नोंदीला ती ओरडली, "मामू, ८२चे मी २८ लिहिलेत!"

तेरीज जुळली. तिची आणि, उशिरा का होईना, माझीही.