खांद्यावर स्टार असलेली सिस्टर : मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस म्हणजे नेमकं काय?

पुण्याचं कमांड हॉस्पिटल असो नाहीतर मुंबईतलं कुलाब्याचं नौदलाचं 'अश्विनी' हॉस्पिटल, वॉर्डात इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सच्या खांद्याकडे एकदा नीट बघा. तिथे स्टार दिसतील. कारण ती लष्करात अधिकारी आहे. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर किंवा त्याहूनही वरची.

बारावी सायन्सच्या बऱ्याच मुलींना डॉक्टर व्हायचं असतं, थोड्या जणींना एनडीएत जायचं असतं. या दोन्हींच्या मधे एक तिसरा रस्ता आहे, तो मात्र अनेकींना माहीतच नसतो. त्याचं नाव मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, थोडक्यात एमएनएस. अधिकारी होण्याचा मान इथे खरा आहे, पण हे पद बाकीच्या अधिकाऱ्यांसारखं शंभर टक्के नाही, हेही तेवढंच खरं. अर्ज भरण्याआधी दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या.

सुरुवात मुंबईच्या बंदरातून

२८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश नर्स मुंबईत उतरल्या. भारतातल्या लष्करी हॉस्पिटलांमधल्या शुश्रूषेची घडी बसवणं हे त्यांचं काम होतं. पहिल्या महायुद्धात भारतातल्या नर्सची भरती सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १९२६ ला 'इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' कायमस्वरूपी उभी राहिली. आजही १ ऑक्टोबर हाच या सेवेचा स्थापना दिवस.

दुसऱ्या महायुद्धात या नर्स हाँगकाँग, सिंगापूरपर्यंत गेल्या. काही जणी जपान्यांच्या कैदेत पडल्या, काही परतल्याच नाहीत. युद्ध चालू असतानाच, १९४३ साली, ब्रिटिश सरकारने या सेवेसाठी वेगळा अध्यादेश काढला. हा अध्यादेश लक्षात ठेवा. पुढचं सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरतं.

स्वातंत्र्यानंतर १९७६ साली एमएनएसच्या गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला. डॉक्टर आणि नर्स सोडून बाकीच्या महिलांसाठी लष्कराने अधिकारीपदाची दारं उघडली ती थेट १९९२ साली. म्हणजे त्याच्या सोळा वर्षं आधी एक नर्स जनरल झाली होती.

आत जायचं कसं?

रस्ते दोन आहेत.

पहिला बारावीनंतरचा. सैन्यदलांची सहा नर्सिंग कॉलेजं आहेत. अलीकडच्या जाहिरातींनुसार जागा अशा : पुण्याचं एएफएमसी ४०, मुंबईचं अश्विनी ४०, लखनौ ४०, बंगळुरू ४०, दिल्ली ३० आणि कोलकाता ३०. एकूण २२०, आणि तेही अख्ख्या देशासाठी. सहापैकी दोन कॉलेजं महाराष्ट्रात आहेत, ही आपल्याकडच्या मुलींसाठी सोय.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. नीट द्यावीच लागते. नीटच्या मार्कांवर यादी लागते, मग सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शेवटी मेडिकल. कोर्स चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग. राहणं, जेवण सरकारकडून आणि वर दरमहा स्टायपेंड. बदल्यात सेवेचा करार करावा लागतो. मधेच सोडलं तर पैसे भरावे लागतात, त्यामुळे सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून तो कागद पूर्ण वाचा.

दुसरा रस्ता बाहेरून नर्सिंग केलेल्यांसाठी. बीएस्सी, पोस्ट बेसिक किंवा एमएस्सी नर्सिंग झालेल्या आणि नोंदणी असलेल्या मुलींना शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळू शकतं. त्यासाठी वयाची मर्यादा साधारण २१ ते ३५. आधी पाच वर्षं आणि मुदत वाढत गेली तर जास्तीत जास्त चौदा.

दोन्हीकडे सुरुवात लेफ्टनंट म्हणून होते. वर मेजर जनरलपर्यंत जाता येतं, पण शिडी जितकी उंच तितक्या जागा कमी. नेमणूक आर्मी, नेव्ही, एअरफोर्स, कुठल्याही दलाच्या हॉस्पिटलात होते. बदल्या ठरलेल्या. आज पुण्यात, तर उद्या काश्मीर किंवा ईशान्येकडच्या हॉस्पिटलात.

मग अडचण कुठे आहे?

१९४३ च्या अध्यादेशाने एमएनएसला सैन्यदलांचा भाग मानलं, पण 'सहायक दल' म्हणून. या एका शब्दामुळे वाद पेटत राहिलेत.

साधं उदाहरण पगाराचं. सैनिकी जीवनातल्या खडतरपणासाठी मिलिटरी सर्व्हिस पे मिळतो. सातव्या वेतन आयोगात ही रक्कम बाकीच्या अधिकाऱ्यांना महिना १५,५०० रुपये, तर एमएनएस अधिकाऱ्यांना १०,८००. खांद्यावरचे स्टार तेवढेच, रक्कम कमी.

दुसरं उदाहरण लग्नाचं. १९७७ च्या एका नियमानुसार लग्न केलं म्हणून नर्सिंग अधिकाऱ्याला नोकरीवरून काढता येत होतं. १९८८ साली एका लेफ्टनंटला असंच काढलं. नियम १९९५ मध्ये रद्द झाला, पण तिची लढाई संपायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने हा सरळसरळ लिंगभेद ठरवला आणि तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोपर्यंत ३६ वर्षं गेली होती.

आता सेवेत असताना लग्न करता येतं. मात्र प्रशिक्षणाची चार वर्षं अविवाहित राहण्याची अट कायम आहे.

तिसरा प्रश्न निवृत्तीनंतरचा. शॉर्ट सर्व्हिस संपवून बाहेर पडलेली नर्सिंग अधिकारी 'माजी सैनिक' धरायची की नाही? सरकारी नोकरीतलं आरक्षण त्यावर अवलंबून असतं. पंजाबमधल्या अशाच एका प्रकरणात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या नियमांखाली तिला माजी सैनिक मानलं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, त्यामुळे हा मुद्दा आपापल्या राज्यात तपासावा लागतो.

आणि मुलांचं काय?

त्याच अध्यादेशात ही नेमणूक फक्त महिलांसाठी ठेवली होती. त्यामुळे बीएस्सी नर्सिंग केलेला मुलगा इथे अधिकारी होऊ शकत नव्हता. आर्मी मेडिकल कोअरमध्ये तो नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती होऊ शकतो, पण ते जवानाचं पद आहे. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने महिलांसाठीचं हे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. म्हणून मुलांनी अर्जाआधी त्या वर्षीच्या जाहिरातीत काय लिहिलंय ते बघावं.

थोडक्यात

नर्सिंगमध्ये रस असेल तर शिक्षणाचा खर्च वाचतो, डिग्री झाली की थेट अधिकारीपद मिळतं आणि खाजगी हॉस्पिटलच्या तुटपुंज्या पगारावर राबावं लागत नाही. सोबत बदल्या येतात, करार येतो आणि बरोबरीच्या हक्कासाठी अजून चालू असलेलं भांडणही येतं. १८८८ पासून आजवर जे काही मिळालं, त्यातलं बरंचसं या नर्सनी स्वतः लढून घेतलंय.

आणि पुढच्या वेळी मिलिटरी हॉस्पिटलात गेलात तर सिस्टर म्हणून हाक मारायला हरकत नाही. फक्त समोरची बाई कॅप्टन किंवा मेजर असू शकते, एवढं ध्यानात असू द्या.